जुना ड्रायसूट घेताना: आधी माप, मग चेन, सील सगळ्यात शेवटी

प्रश्न असा आला: "ताई, मी मूळची साताऱ्याची, सध्या लीड्सला शिकते. स्कूबाचा पहिला कोर्स मालवणला केला. इथल्या डायव्हिंग क्लबात नाव घातलंय, पण वेटसूटमध्ये ऑक्टोबरातच हुडहुडी भरली. नवा ड्रायसूट परवडत नाही. एक जाहिरात दिसली आहे: मेम्ब्रेन सूट, ८ वर्षांचा, पुरुषाचा 'मीडियम शॉर्ट', 'जेमतेम १०-१२ डाइव्ह झालेत, गेली ४ वर्षं नुसता पडून आहे', किंमत २५० पौंड. माझी उंची ५ फूट २ इंच, बुटाचं माप ४. घेऊ का?"

लगेच पैसे पाठवू नकोस, पण जाहिरात सोडूनही देऊ नकोस. ड्रायसूट म्हणजे वेटसूटसारखं पाणी आत येऊ न देता अंग कोरडं ठेवणारा सूट, आणि तो चालेल की नाही हे वयावरून किंवा किमतीवरून कळत नाही, तो अंगात घालून आणि त्याची चेन हातात घेऊन कळतं. जुन्या ड्रायसूटचं बहुतेक सगळं बदलता येतं. सील (गळ्याला आणि मनगटांना घट्ट बसणाऱ्या रबरी पट्ट्या) बदलतात, व्हॉल्व्ह (हवा आत घेणाऱ्या आणि बाहेर सोडणाऱ्या झडपा) बदलतात, बूट बदलतात, चेनसुद्धा बदलून मिळते. माप तेवढं बदलत नाही. म्हणून मी बघते ते या क्रमाने: आधी माप, मग चेन, मग कापड आणि शिवणी, आणि सील सगळ्यात शेवटी. बरेच जण नेमकं उलट करतात. गळ्याचं रबर ताणून बघतात, ते ठीक दिसलं की खूश होतात आणि पैसे देऊन मोकळे होतात.

मी लेस्टरजवळ राहते. स्टोनी कोव्ह माझ्या घरापासून अर्ध्या तासावर. ग्रॅनाइटची जुनी खाण, आता पाण्याने भरलेली, खोलात खोल जागी साधारण ३५ मीटर. २००० साली तिथे मुद्दाम बुडवलेली 'स्टेनगार्थ' ही टगबोट बघायला लांबलांबून लोक येतात. गेले सोळा हिवाळे मी त्या पाण्यात उतरते आहे, शिकवतेही. फेब्रुवारीत तिथलं पाणी ४-५ अंशांवर येतं. मालवणला २७-२८ अंशांच्या पाण्यात तू तासभर सुखाने पोहली असशील. तिथली सवय घेऊन इथे आलेली आपली मुलं पहिल्या थंडीतच डायव्हिंग सोडून देतात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. पाणी हवेपेक्षा साधारण पंचवीस पट वेगाने अंगातली ऊब ओढून घेतं. अंग कोरडं राहिलं तर हाच हिवाळा इथला सगळ्यात स्वच्छ, सगळ्यात नितळ पाण्याचा काळ असतो.

एक गोष्ट आधी मनात पक्की कर. मेम्ब्रेन सूट स्वतः ऊब देत नाही. नायलॉन किंवा पॉलिस्टरच्या दोन थरांमध्ये ब्यूटाइल रबराचा पातळ थर, एवढंच ते कापड असतं, जाड रेनकोटासारखं. ऊब देतो तो आतला अंडरसूट आणि त्यात अडकलेली हवा. त्यामुळे २५० पौंडांत सूट आला तरी अंडरसूटचे पैसे वेगळे धर. आणि सूटचं माप बघायला जाताना तोच अंडरसूट, निदान तेवढ्याच जाडीचे कपडे, अंगात असायला हवेत. जीन्स-टीशर्टवर सूट घालून "बसला" म्हणणाऱ्यांचा सूट अंडरसूट चढवल्यावर काखेत करकचतो.

आता माप. सूट घाल, चेन लाव, गळ्याचं सील दोन बोटांनी उघडून धर आणि खाली उकिडवी बस म्हणजे आतली जास्तीची हवा निघून जाईल. मग तशीच, भाजी निवडायला बसतो तशी, नीट टेकून बस. पाठीत किंवा जांघेत कापड ताणून धरलं तर सूटचा धडाचा भाग आखूड आहे. उभी राहा, दोन्ही हातांनी स्वतःला मिठी मार आणि तळवे विरुद्ध खांद्यांवर टेकव. मग दोन्ही हात डोक्यामागे ने आणि मानेच्या मागे, पाठीवरच्या हवेच्या टाकीचा व्हॉल्व्ह जिथे येतो तिथपर्यंत बोटं पोचतात का बघ. हे शेवटचं जमलं नाही तर तो सूट फुकट मिळाला तरी घेऊ नको. पाण्याखाली टाकी बंद-चालू करायला हात पोचला नाही तर प्रश्न जिवाचा होतो.

घट्टपेक्षा सैल बरा, असं तुला कुणीतरी सांगेल. मी माझा पहिला जुना सूट त्याच सल्ल्यावर घेतला होता. उंच पुरुषाचा होता, पाय चार बोटं लांब. "थोडा मोठा असला की खाली जास्त कपडे घालता येतील" असं विकणारा म्हणाला, आणि मलाही ते पटलं. तिसऱ्या की चौथ्या डाइव्हला आठ मीटरवर डोकं जरा खाली गेलं आणि सूटमधली सगळी हवा पायांत धावली. बूट फुगले, पायातून अर्धे निघाले, त्यामुळे फिन (पायातली वल्ह्यासारखी पाती) मारता येईना, आणि मी उलटी लटकत वर जायला लागले. हवा बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह असतो डाव्या दंडावर, म्हणजे आता सगळ्यात खाली. त्यातून हवा जाणार कशी? गुडघे छातीशी घेऊन कोलांटी मारायची, हे शिकलेलं त्या क्षणी आठवलं, सोबतच्या बाईंनी खांदा धरून वळवलं, आणि पाण्याच्या वर यायच्या आत मी सरळ झाले. आठ मीटरऐवजी तीस मीटर असते तर? त्या दिवसापासून पोटऱ्यांशी कापड मुठीत धरून बघते. मूठभर आलं तर ठीक. दोन मुठी आलं तर त्या पायांत नको तेवढी हवा मावणार. बुटांचंही तसंच. तुझं माप ४, पुरुषाच्या मीडियम शॉर्टला बहुधा ८ च्या आसपासचे बूट असणार. दोन जाड मोजे घालून ही दरी भरत नाही. ते बूट काढून लहान बसवावे लागतील, किंवा कापडी मोजे बसवून वरून तुझ्या मापाचे वेगळे बूट घालावे लागतील. दुरुस्तीवाले दोन्ही करतात, पण हा खर्च किमतीत धरायचा.

आपल्यासारख्या बुटक्या, बारीक मनगटांच्या बायकांना जुन्या बाजारात माप सापडणं अवघड जातं, कारण विकायला येणारे बहुतेक सूट पुरुषांचे असतात. छातीला बसला तर कंबरेत पोतं, कंबरेला बसला तर नितंबात अडतो. म्हणून घाई करू नकोस. माझा आत्ताचा सूट मला सात महिने शोधल्यावर मिळाला. एका बाईंनी मापं देऊन शिवून घेतलेला, दोघींच्या उंचीत बोटभर फरक. गेली नऊ वर्षं तोच वापरते.

चेनवर मात्र वेळ घालव. ड्रायसूटची चेन म्हणजे साधी झिप नव्हे. पाणी आणि हवा दोन्ही अडवणारी ही चेन मुळात खूप उंचावर उडणाऱ्या वैमानिकांच्या आणि अवकाशवीरांच्या पोशाखांसाठी तयार झाली. दोन प्रकार दिसतील. पितळी दातांची, जड, वाकवताना कडक. आणि प्लास्टिकची, हलकी, लवचीक. पितळी चेन सगळ्यात जास्त बिघडते ती घडी घालून ठेवल्याने. वर्षानुवर्षं एकाच जागी मोडलेली राहिली की तिथे दातांखालची रबरी पट्टी तडकते. आणि ते तडकणं चेन सरळ आडवी ठेवून बघितलं तर दिसत नाही. त्यामुळे असं कर: चेन पूर्ण लाव, बोटाएवढ्या अंतरावर दोन्ही हातांत धर आणि दात बाहेरच्या बाजूला येतील अशी हलकेच कमान कर. टॉर्च तिरका मार. दोन दातांच्या मध्ये काळ्या रबराची अखंड रेघ दिसायला हवी. केसाएवढी पांढुरकी चीर दिसली, किंवा रबरातून धागे डोकावताना दिसले, तर ती चेन आज ना उद्या पाणी आत घेणार. अशी इंच-इंच करत पूर्ण लांबी बघ. दहा मिनिटं लागतील. विकणारा कंटाळला तर कंटाळू दे.

मग एखादा दात वाकडा आहे का, गळालाय का, ओळीतून बाहेर आलाय का ते नखाने चाचपून बघ. एक दात गेला तरी चेन गेली, तो एकटा बसवता येत नाही. चेन जिथे बंद होते ते टोकही बघ. लोक तिथे शेवटचा अर्धा सेंटिमीटर ओढत नाहीत आणि मग सूट गळतो म्हणतात. तीन वेळा उघड-बंद कर. अडखळली तर जोर लावू नको, कोरडी असेल. पितळी चेनला मेण लागतं, पॅराफिनचं किंवा मधमाश्यांचं, दातांच्या बाहेरून. प्लास्टिकच्या चेनला तिच्याबरोबर येतं ते सिलिकॉन ग्रीस, आणि तेही मुख्यतः बंद होण्याच्या टोकाशी. ज्या घरात चेनचं मेण कुठे ठेवलंय हे विकणाऱ्याला पटकन सांगता येतं, त्या घरातला सूट सांभाळलेला असतो. हा माझा आवडता प्रश्न आहे.

कापड आणि शिवणी बघायला सूट उलटा करावा लागतो, आणि तो उलटा करू द्यायला विकणारा कुरकुरत असेल तर तिथेच निघ. आतून शिवणींवर पट्टी चिकटवलेली असते. तिचे काठ सुटून कडक झालेत का, विशेषतः जांघेत, काखेत आणि गुडघ्यामागे, ते बोट फिरवून कळतं. सुटलेली एखादी पट्टी परत चिकटवता येते. पण सगळीकडेच पट्ट्या सोलवटत असतील किंवा कापडाचे थरच एकमेकांपासून सुटून फोड आल्यासारखे दिसत असतील, तर त्या कापडाचं आयुष्य संपलं. एक सोपी युक्ती: अंधाऱ्या खोलीत सूटच्या आत टॉर्च फिरव. ब्यूटाइलचा थर काळा असतो, त्यातून उजेड येत नाही. ताऱ्यासारखा ठिपका दिसला तर तिथे भोक. दोन-चार भोकं असली तर घाबरू नको, अ‍ॅक्वाशुअरसारख्या गोंदाचा ठिपका आतून लावून रात्रभर वाळवला की काम होतं. शंभर ठिपके दिसले तर नमस्कार करून निघ.

निओप्रिनच्या (फोमसारख्या रबराच्या) सूटला ही युक्ती चालत नाही. तो उबदार असतो, अंगाला छान बसतो, पण त्यात गळती शोधणं महाकठीण. पाणी बाहेरून एका जागी शिरतं, फोममधून वाट काढत दुसऱ्याच जागी आत उतरतं. शिवाय वर्षानुवर्षं दाबाखाली जाऊन फोम पातळ होतो. पहिला सूट म्हणून जुना निओप्रिन घ्यायचा असेल तर तो पाण्यात वापरून बघितल्याशिवाय घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तिसरा प्रकार जाड व्हल्कनाइज्ड रबराचा. सायकलच्या ट्यूबसारखं पंक्चर काढता येतं आणि पटकन वाळतो. पण जड असतो आणि ताणला जात नाही. तुला मेम्ब्रेनच बरा.

सीलबद्दल थोडक्यात: लेटेक्सचं (पातळ, ताणणाऱ्या रबराचं) असेल तर ते संपलंय असं समजूनच भाव कर. लेटेक्स वापराने जातं तसंच नुसतं पडूनही जातं. ऊन, उष्णता, ओझोन, घाम, अंगाला लावलेलं तेल किंवा क्रीम, सगळं त्याला खातं. अंगठा आणि बोट यांत धरून ताण. पृष्ठभागावर बारीक भेगांचं जाळं दिसलं किंवा बोटाला गुळासारखं चिकटलं, की ते गेलं. दुसरी अडचण म्हणजे आधीच्या मालकाने स्वतःच्या मानेच्या मापाने ते कापलेलं असतं, आणि कापलेलं रबर परत वाढत नाही. तुझी मान बारीक असेल तर गळ्यातून पाणी येणारच. नवं सील बसवून घे, पण "पाणी येऊ नये म्हणून" आवळून घेऊ नको. गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या मोठ्या रक्तवाहिन्यांवर दाब आला तर चक्कर येते, शुद्धही हरपू शकते. मनगटाचंही लक्षात ठेव: बारीक मनगटात मूठ आवळली की स्नायुबंध (टेंडन) वर येतात, मध्ये पन्हाळ तयार होते आणि त्यातून पाणी आत येतं. माझ्या शिकवणीतल्या मुलींना मी हात सैल ठेवायला सांगते. बजेट असेल तर पुढेमागे रिंगवर बसणारी सिलिकॉनची सील लावून घे. ती घरच्या घरी, गोंदाशिवाय बदलता येतात.

व्हॉल्व्ह दोन. छातीवरचा हवा आत घेतो, दंडावरचा बाहेर सोडतो. छातीवरचा जास्त बघ. चार वर्षं पडून राहिलेल्या सूटमध्ये मिठाचे किंवा गंजाचे कण बसून त्याचं बटण आत अडकू शकतं, आणि पाण्याखाली ते अडकलं तर सूट फुगत राहतो आणि माणूस वर फेकला जातो. हवेची नळी जोडून बटण वीस वेळा दाब. दर वेळी ताबडतोब परत यायला हवं आणि सोडल्यावर हवेचा फुसफुस आवाज येता कामा नये. नळीचा जोड तुझ्या रेग्युलेटरच्या (टाकीतली हवा पुरवणाऱ्या यंत्राच्या) नळीला बसतो का तेही बघ, जुन्या सूटवर वेगळा जोड असू शकतो. सूट घेतलास तरी पहिल्या डाइव्हच्या आधी दोन्ही व्हॉल्व्ह काढून कोमट पाण्यात धुवून तपासून घे. आणि जाड हातमोजे घालून ती नळी एका हाताने काढायचा सराव घरात बसून कर. बटण अडकलं तर हेच करायचं असतं: नळी काढायची, दंडाचा व्हॉल्व्ह उघडायचा.

मांडीवर एखादा तिसरा व्हॉल्व्ह दिसला तर तो लघवीसाठीचा. पुरुषांच्या पद्धतीने लावलेला असेल, तुझ्या कामाचा नाही. दुरुस्तीवाले ते भोक बूच बसवून बंद करून देतात.

हे सगळं झाल्यावर खरी परीक्षा हवेची. मनगटाच्या जाडीच्या दोन प्लास्टिकच्या बाटल्या आणि मानेच्या जाडीचा एक बरणीसारखा गोल डबा बरोबर ने. बाटल्या मनगटांत, डबा गळ्यात बसव, चेन लाव, दंडाचा व्हॉल्व्ह फिरवून बंद कर आणि टाकी जोडून सूट हळूहळू फुगव. टम्म करू नको, माणूस आत झोपल्यासारखा दिसला की पुरे. मग भांडी घासायच्या साबणाचं पाणी स्प्रेने मार. जिथे फेस उभा राहील तिथे भोक. चेनच्या दोन्ही टोकांना, जांघेला आणि बुटाच्या सांध्याला थांबून बघ. मी एकदा एका मुलाबरोबर सूट बघायला गेले होते, सगळं उत्तम दिसत होतं, आणि डाव्या बुटाच्या सांध्याभोवती फेसाचं पैंजण उमटलं. भाव ८० पौंडांनी खाली आला, आम्ही घेतला, सांधा नवीन केला, तो मुलगा पुढच्या उन्हाळ्यात त्याच सूटमध्ये स्कॉटलंडच्या उत्तरेला स्कापा फ्लोला जाऊन आला. १९१९ साली जर्मनांनी स्वतःच बुडवलेल्या आरमारातली सात मोठी जहाजं तिथे अजून तळाशी आहेत. त्याने पाठवलेला फोटो माझ्या फ्रिजवर आहे.

आता पैशांचं. दर दुकानागणिक बदलतात, तू दोन ठिकाणी विचार. पण मी भाव करताना साधारण असा हिशेब धरते: चेन बदलायची तर २०० ते ३०० पौंड, गळ्याचं आणि मनगटांची सील मिळून १५० च्या आसपास, बूट बदलणं १०० च्या पुढे. म्हणजे तुझा २५० चा सूट चेन खराब निघाली तर ७५० च्या घरात जातो, आणि तेवढ्यात थोडं घालून साध्या प्रकारचा तयार मापाचा नवा सूट येतो, वॉरंटीसकट. चेन चांगली असेल तर मात्र ५०० च्या आसपास तुला कोरडा सूट मिळेल, आणि त्या पैशाला तो वाईट नाही. म्हणजे सगळा सौदा त्या चेनवर येऊन ठरतो.

"१०-१२ डाइव्ह झालेत, ४ वर्षं पडून आहे" याला भुलू नकोस. दर आठवड्याला वापरलेला, धुतलेला, रुंद हँगरला टांगलेला, चेनला मेण लावलेला सूट मी कमी वापरलेल्यापेक्षा आधी घेईन. पडून म्हणजे कुठे पडून? माळ्यावर, उन्हाळ्याची धग आणि हिवाळ्याचा गारठा खात, पिशवीत घडी करून? की घरात टांगलेला? हे विचार. चेनचे जवळून काढलेले फोटो मागव, कमान करून, उजेडात. आतल्या शिवणींचे मागव. आणि आतलं लेबल. मापं देऊन शिवलेला असेल तर त्यावर नंबर असतो. इथे ब्रॅडफर्डची ऑटर, पोर्टलंडची ओथ्री, रेडकारची टायफून असे सूट बनवणारे आहेत. नंबर देऊन फोन केलास तर मूळ मापं सांगता येतात का ते विचारायला काहीच हरकत नाही. शिवाय विकणाऱ्याची उंची, छाती आणि बुटाचं माप थेट विचार. "मीडियम शॉर्ट" प्रत्येकाचं वेगळं असतं.

घेतलास तर पहिल्याच डाइव्हला समुद्रात जायचं नाही. क्लबमधल्या प्रशिक्षकांकडून ड्रायसूटचा कोर्स कर, वजनं नव्याने ठरवून घे (वेटसूटपेक्षा बरीच जास्त लागतील), आणि पहिले चार-पाच डाइव्ह स्टोनी कोव्हच्या सहा-सात मीटरच्या उथळ कट्ट्यावर काढ. कोलांटी मारून पायातली हवा परत वर आणायचा सराव तिथेच होतो. शिक्षण संपवून भारतात परतायचं ठरलं तर सूट बरोबर नेऊ नको, इथेच विकून जा. मालवणात, गोव्यात, अंदमानात त्याचा उपयोग नाही, आणि आपल्याकडच्या दमट उकाड्यात लेटेक्स एका पावसाळ्यात चिकट होऊन जाईल.

फोटो आले की मलाही पाठव, चेनचे आधी. आणि प्रत्यक्ष बघायला जाशील तेव्हा अंडरसूट, टॉर्च, दोन बाटल्या, एक डबा आणि साबणाच्या पाण्याचा स्प्रे एवढं बॅगेत असू दे. टाकी आणि रेग्युलेटर क्लबमधून मागून ने, विकणाऱ्याकडे असेलच असं धरून चालू नको.